कोरोनातल्या भटकंतीची स्क्रॅपबुक कशी करायची, तीही गोव्याच्या दमट हवेत टिकेल अशी

"कोरोनात आम्ही कुठे फिरलो, घरातच तर बसलो होतो" हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय आणि त्याच माणसांचा फोन उघडला की २०२० च्या जूनमधला शेताच्या बांधावरचा सेल्फी निघतो, मास्क हनुवटीवर, मागे भाताचा हिरवागार तरवा. ते फिरणंच होतं की! एरवी ज्याला आपण "जरा नाक्यावर जाऊन येतो" म्हणतो त्यासाठी तेव्हा सॅनिटायझर खिशात टाकून, घरच्यांना सांगून, परत आल्यावर कपडे बादलीत टाकायची तयारी ठेवून निघावं लागायचं. म्हणून या काळाची स्क्रॅपबुक नेहमीच्या ट्रिपच्या अल्बमसारखी करायला गेलं की ती रिकामी वाटते आणि लोक दोन पानांत सोडून देतात. मी कशी करते ते क्रमानं लिहितेय, पहिल्यांदाच करणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून. महागडं किट ऑनलाइन मागवायची काही गरज नाही, म्हापशात, फोंड्यात, मडगावात कुठल्याही बऱ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळेल तेवढ्यावर भागतं.

सगळ्यात आधी तारखा शोधा

फोटो निवडायला बसू नका एवढ्यात. आधी एक साधी वही घ्या आणि मार्च २०२० पासून कधी कधी बाहेर पडलात ते आठवेल तसं खरडत जा. आठवणार नाही, हे धरूनच चला. त्या दोन वर्षांचा डोक्यात नुसता गोळा झालेला असतो, कुठली गोष्ट पहिल्या लाटेतली आणि कुठली दुसऱ्या हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

मग फोनकडे वळा. कॅमेऱ्यातून थेट काढलेल्या फोटोच्या डिटेल्समध्ये तारीख असते आणि लोकेशन चालू असेल तर जागाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ही माहिती गळून जाते, पण अँड्रॉइडवर फाइलच्या नावातच तारीख दडलेली असते, वर्ष-महिना-दिवस असे आठ आकडे. म्हणजे नावात २०२००८२२ दिसलं तर २२ ऑगस्ट २०२०, चवथीचा दिवस. फक्त एक लक्षात ठेवा, ती तारीख फोटो तुमच्याकडे आला त्या दिवसाची, काढला त्या दिवसाची असेलच असं नाही. ग्रुपवर आठवडाभर उशिरा टाकणारे काका प्रत्येक घरात असतात.

याहून भारी जागा म्हणजे पेमेंट अ‍ॅपची हिस्ट्री. कोरोनात आपण सगळेच नोटांना हात लावायला घाबरून स्कॅन करून पैसे द्यायला लागलो, त्यामुळे कुठल्या पेट्रोल पंपावर, कुठल्या चहाच्या गाड्यावर, किती वाजता, सगळं तिथे पडलेलं असतं. डिचोलीच्या पंपावर सकाळी पेट्रोल आणि दुपारी साखळीत सोडा असं दिसलं की तो हरवळेच्या धबधब्याचा दिवस हे आपोआप सापडतं.

आणि वहीच्या समासात काही ठळक तारखा लिहून ठेवा म्हणजे आपल्या आठवणी त्यांच्या आजूबाजूला लावता येतात. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाचला थाळ्या (गोव्यात त्याच दिवशी जिल्हा पंचायतीची निवडणूक व्हायची होती, ती पुढे जात जात १२ डिसेंबरला झाली). २५ मार्चला देशाचा लॉकडाऊन सुरू आणि गोव्यात पहिले पेशंट. १९ एप्रिलला आपल्याकडे एकही पेशंट उरला नव्हता, आठवतंय का तो तोरा? २१ मेपासून दहावीची परीक्षा, मास्क लावून. जूनच्या सुरुवातीला वास्कोचं मांगोर हिल कंटेनमेंट झोन झालं. २ जुलैला देशातल्या पर्यटकांना परत दार उघडलं. नोव्हेंबरचा इफ्फी चित्रपट महोत्सव सरकून १६ ते २४ जानेवारी २०२१ ला झाला, अर्धा ऑनलाइन. आणि ९ मे २०२१ पासूनचा कर्फ्यू. एवढ्या खुंट्या बास होतात.

पानं तारखेनं लावू नका, अंतरानं लावा

ही माझी मुख्य सूचना. आधी एवढ्या तारखा शोधायला लावल्या आणि आता तारखेनं लावू नका म्हणतेय, पण तारखा फोटोखाली लिहायला लागतातच. वहीची मांडणी मात्र घरापासून किती लांब गेलो त्यावर करायची. कारण तारखेनं लावलं की पहिली दहा पानं गच्ची आणि परसू, मग एकदम एक बीच, मग परत गच्ची असं होतं आणि बघणारा कंटाळतो. अंतरानं लावलं की आपलं जग किती आकसलं होतं आणि कसं हळूहळू परत पसरलं ते पान उलटताना दिसत जातं.

पहिला भाग घर आणि परसू. यात फिरणं कसलं असं वाटेल, पण विहिरीच्या काठावर बसून केलेली "पिकनिक", गच्चीवरची पतंगबाजी, ५ एप्रिलला रात्री नऊला लावलेल्या पणत्या, पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा ऐकून फाटकापर्यंत मारलेली धाव, हे सगळं इथे.

दुसरा भाग चालत जाण्याइतका. वाड्यावरचं देऊळ, बांध, व्हाळ, सडा. आपल्यातले कितीतरी जण आपलाच गाव तेव्हा पहिल्यांदा नीट हिंडले. काही गावांनी वेशीवर दगड-लाकडं टाकून रस्ते अडवले होते, त्याचा फोटो कोणाकडे असेल तर तो या भागाच्या शेवटी मोठा करून लावा, कारण तीच तेव्हाची हद्द होती.

तिसरा भाग तालुका आणि शेजारचा तालुका. मयेचं तळं, नार्व्याचं सप्तकोटेश्वर, तांबडी सुर्ला, नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी, पावसातला चोर्ला घाट, जे ज्याला जवळ पडेल ते. फेरीबोटीची पानं पण इथेच, नार्वे-दिवाडी किंवा रायबंदर-चोडण, कारण त्या काळात नदी ओलांडली की परदेशी गेल्यासारखं वाटायचं.

चौथा भाग रिकाम्या प्रसिद्ध जागा. कळंगुटला एकही शॅक नाही, मिरामारला नुसते कुत्रे, पणजीतल्या फोंतायन्यासच्या गल्लीत एकही पर्यटक फोटोला उभा नाही. असे फोटो परत मिळतील असं मला वाटत नाही म्हणून यांना पूर्ण पान द्या, शेजारी दुसरं काही चिकटवू नका.

आणि पाचवा भाग सीमा. पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळे. ज्यांचं माहेर सिंधुदुर्गात किंवा बेळगावात त्यांना वेगळं सांगायला नको, दोडामार्गहून रोज कामाला गोव्यात येणाऱ्यांचं तर चेकनाक्यावर काय झालं ते त्यांचं त्यांनाच माहीत. नुसता नाक्यापर्यंत जाऊन परत आलात, पलीकडे आई उभी होती आणि अलीकडून पिशवी दिलीत, तर ती पण ट्रिपच. प्रवासाच्या पासची प्रिंट असेल तर इथे लावा.

कुठला भाग जाड होईल ते ज्याच्या त्याच्यावर. माझ्या ओळखीत एका घरात पहिलाच भाग अर्धी वही खातो कारण घरात दहावीचा मुलगा होता. त्याचं हॉलतिकीट आणि सेंटरबाहेर अंतर ठेवून उभ्या राहिलेल्या आयांचा फोटो मात्र दुसऱ्या भागात गेलाय, शाळा चालत जाण्याइतकीच लांब.

फोटो निवडणे आणि छापणे

एका बाहेर जाण्याचे तीन, फार तर पाच फोटो. एक जागेचा, एक माणसांचा, एक काहीतरी बारीकसारीक, म्हणजे टेंपरेचर गन, हॉटेलच्या टेबलावर एक सोडून एक खुर्चीला लावलेली फुली, दुकानापुढे चुन्यानं काढलेले गोल. बारीकसारीक फोटो नाही म्हणून अडू नका, चित्र काढा, वाईट काढलं तरी चालतं.

छापायला स्टुडिओच्या लॅबमध्ये द्या. घरच्या इंकजेटवर काढलेले फोटो आपल्या पावसाळ्यात रंग सोडतात, ओला हात लागला की संपलं. चार बाय सहा इंचाच्या प्रिंटला साधारण १८०० बाय १२०० पिक्सेलचा फोटो असला की सुरेख येतो. व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो दाबलेला असतो, तो या साइजपर्यंत कसाबसा चालतो, त्याहून मोठा केला की फुटतो. ज्याच्या फोनमध्ये मूळ फोटो असेल त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, गोड बोलून दोनतीनदा आठवण करावी लागते.

वही

बांधलेली वही घेऊ नका. सुटी पानं आणि रिंग फाइल घ्या, ए-फोर साइज, कागद १५० ते २०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडीचं माप, दुकानात हेच सांगायचं). बांधलेल्या वहीत वस्तू चिकटवत गेलं की ती तोंड उघडून बसते आणि मग मध्ये हवा, धूळ, कसर सगळं शिरतं. शिवाय अंतराच्या हिशेबात मधेच एखादं पान घालायचं झालं तर सुट्या पानांत पटकन घालता येतं. अ‍ॅसिड-फ्री लिहिलेला कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर चांगला ड्रॉइंग पेपर. न्यूजप्रिंटसारखा स्वस्त कागद नको, त्यातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडतो आणि शेजारच्या फोटोलाही डाग देतो. याच कारणानं पेपरातलं कात्रण थेट लावू नका, त्याची झेरॉक्स चांगल्या कागदावर काढून ती लावा.

ती जुनी चिकट पानांची, वर प्लास्टिक ओढायचे अल्बम मिळतात ना, ते तर अजिबात नको. काही वर्षांनी फोटो निघत नाही, निघाला तर फाटून.

चिकटवणं, इथेच सगळ्यांचं बिघडतं

नेहमीचा पांढरा फेव्हिकॉल पाण्यातला असतो, जास्त लावला की कागदाला सुरकुत्या पडतात आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळतच नाही, आणि न वाळलेल्या पानावर दुसरं पान मिटलं की बुरशी आलीच. लावायचाच तर जुन्या ब्रशनं अगदी पातळ आणि फक्त जाड वस्तूंना. फोटोसाठी ग्लू स्टिक किंवा त्याहून बरे ते फोटो कॉर्नर, कागदी त्रिकोण. ते घरी पण होतात, जुन्या पाकिटाचे कोपरे कापा, झाले. कॉर्नरमध्ये अडकवलेला फोटो कधीही काढून मागे काय लिहिलंय ते बघता येतं.

सेलोटेप बंद म्हणजे बंद. पिवळी पडते, चिकट चिकट होऊन सुटते आणि जाताना डाग ठेवून जाते. मैद्याची खळ पण नको, आजीनं सांगितलं तरी नको, कसर आणि झुरळं खळीवर तुटून पडतात.

पान केलं की लगेच फाइलमध्ये घालू नका. पंख्याखाली रात्रभर, पावसाळ्यात दोन रात्री. खरं सांगायचं तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावं, तेव्हा आपल्याकडची हवा कागदाला मानवते, आणि जून-जुलैत नुसतं लिखाणाचं आणि तारखांचं काम करावं.

तिकिटं, पास, सर्टिफिकेट

बसचं मशीनवालं तिकीट, एटीएमची स्लिप, हॉटेलचं बिल, हे बहुतेक थर्मल पेपरवर असतं, शाई नसतेच, उष्णतेनं अक्षर उमटतं. म्हणून ते आपोआप उडत जातं, आणि त्यावर गोंद किंवा प्लास्टिक लागलं तर आणखी लवकर उडतं. आजच फोटो काढा किंवा झेरॉक्स करा. झेरॉक्स पानावर लावा आणि मूळ तिकीट कागदी खिशात ठेवा, तो खिसा पानाच्या मागच्या बाजूला. लॅमिनेशनवाल्याकडे तर नेऊच नका, गरम मशीनमधून तिकीट काळंकुट्ट होऊन येतं.

लसीचं सर्टिफिकेट बरेच जण लावतात, लावावंच, कारण लस घ्यायला पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणं ही कितीतरी म्हाताऱ्या माणसांची वर्षभरातली पहिली बाहेरची फेरी होती. पण त्यावर नाव, वय, ओळखपत्राचे शेवटचे आकडे आणि क्यूआर कोड असतो. त्यावर कागदाची छोटी झडप लावा, उचलली तर दिसेल अशी, म्हणजे पानाचा फोटो काढून कुणी स्टेटसला टाकला तरी आतलं बाहेर जात नाही.

कापडी मास्क असेल तर त्याचा दोन इंचांचा तुकडा धुऊन, इस्त्री करून लावा. आईच्या जुन्या साडीचे मास्क घरोघरी शिवले होते, तो तुकडा दोन फोटोंच्या तोडीचा आहे. मेडिकलवाला निळा मास्क मात्र नको, फुगतो आणि दिसतोही केविलवाणा.

पानं, फुलं, माती

आता नव्यानं त्याच जागी जाऊन आणलेलं पान चालेल का? चालेल, फक्त आणल्याची तारीख वेगळी लिहा. पातळ वस्तू घ्या: नेचा, तेरड्याची पाकळी, अबोली, भाताची लोंबी. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर जाड पुस्तकं, पहिला आठवडाभर रोज कागद बदलायचा, कारण कागदानं ओढलेलं पाणी तिथेच राहिलं तर पान काळं पडतं. दोन-तीन आठवडे लागतात, पावसाळ्यात महिना धरा. सोनचाफा जाड असतो, तपकिरी होतो, त्याच्या नादी लागू नका. गणपतीवर टांगतात त्या माटोळीतली कांगलां, आंबाडे, सुपारी यांचा तर फोटोच बरा.

समुद्राची वाळू घालायचा मोह सगळ्यांना होतो. तिच्यात मीठ असतं, मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पान कायम दमट राहतं. घालायचीच असेल तर गोड्या पाण्यात दोनतीनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून, चिमूटभर छोट्या झिपच्या पिशवीत. मला त्यापेक्षा जांभ्याची लाल माती आवडते. ओल्या बोटानं माती घ्या, कागदावर ठसा उमटवा, वाळला की जास्तीची माती झटका. तिच्यातला लाल रंग लोहाचा, वर्षानुवर्षं फिका पडत नाही, आणि घरातल्या सगळ्यांच्या बोटांचे ठसे एका पानावर घेतले तर आणखी मजा. मोले, बोंडला, चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य अशा ठिकाणांहून पान, पीस, शिंपलं काही उचलायचं नाही, तिथला फोटो पुरे.

लिहायचं काय

"मजा आली" लिहू नका. प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी लिहा: तारीख, जागा, कोण कोण, आणि तेव्हा काय बंद होतं. चौथी गोष्ट लोक विसरतात आणि तिच्यासाठीच तर ही वही. "तळ्यावर गेलो, बोटी बंद, चहाचा गाडा बंद, घरून थर्मास नेला होता, पोलिसानं मास्क नीट लावायला सांगितला" एवढं लिहिलं की अजून वीस वर्षांनी नातवाला कळेल फोटोत सगळे इतके लांब लांब का उभे आहेत.

घरातल्या वेगवेगळ्या माणसांना त्यांच्या अक्षरात लिहू द्या. कोकणीत लिहायचं तर कोकणीत, मुलांना इंग्लिशमध्ये तर तसं. दोघांची आठवण जुळली नाही तर दोन्ही राहू द्या, भांडण मिटवायची गरज नाही. पेन पिगमेंट इंकचं, वॉटरप्रूफ, किंवा मग सरळ बॉलपेन. साधं जेल पेन दमट हवेत पसरतं. फोटोच्या मागे लिहायचं झालं तर मऊ पेन्सिल, बॉलपेन दाबलं की पुढे वळ उठतो.

फोटोंच्या मध्ये हातानं काढलेला नकाशा टाका, घरापासून तिथपर्यंतचा. माप चुकलं तरी चालेल, वाटेत कुठे बॅरिकेड होतं, कुठे वळून जावं लागलं, कुठलं दुकान उघडं होतं ते दाखवा.

एक जड पान

बहुतेक घरांत २०२१ च्या एप्रिल-मेचं एक पान येतं ज्यावर काय लावावं कळत नाही. बांबोळीच्या हॉस्पिटलला केलेल्या फेऱ्या, बाहेर बाकावर काढलेल्या रात्री. काही जण म्हणतात स्क्रॅपबुक आनंदाची असते, ते वगळा. मला हे पटत नाही, पण सगळ्यांनी ते उघड्यावर मांडावं असंही नाही. एक पाकीट चिकटवा, आत चिठ्ठी, फोटो, काय हवं ते ठेवा, वर फक्त नाव आणि तारीख. उघडायचं की नाही ते बघणारा ठरवेल. आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांचा फोटो दुसऱ्या कुणाच्या वहीत लावायचा असेल तर आधी विचारा, लहान मुलांच्या बाबतीतही आईबापांना विचारा.

ठेवायची कुठे

भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, पावसाळ्यात भिंत घाम सोडते. आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, उभी न ठेवता आडवी. पानांच्या मध्ये बटर पेपर. बाजूला सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यातल्या साठवून ठेवल्या तरी चालतात, फक्त त्या जुन्या झाल्या की काम करत नाहीत म्हणून दर पावसाळ्याच्या आधी बदला. डांबराच्या गोळ्या थेट फाइलमध्ये टाकू नका, कपाटाच्या कोपऱ्यात कापडात बांधून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे, पण आत थोडाजरी ओलावा असला तर तो तिथेच कोंडतो, त्यापेक्षा जुन्या सुती पिशवीत गुंडाळा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की एक दिवस पानं उघडून सावलीत, वाऱ्यावर ठेवा, थेट उन्हात फोटो उडतात.

आणि पान पूर्ण झालं की त्याचा खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, वरून सरळ फोटो काढून ठेवा, झडपा आणि पाकिटं बंद असतानाच. हे फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक फोनबाहेर, पेन ड्राइव्ह किंवा दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे. बहिणीला दिलेत तर तिच्याकडून तिच्या फोनमधले त्या दिवसांचे फोटोही मागून घ्या, निदान दोनतीन पानांची सोय होते.